एक ते बाहत्तर

अक्षदा धुरीने बाहत्तराव्या चौकोनावर क्लिक केलं, त्याचं प्रोग्रॅममधलं जुनं वेडंवाकडं नाव खोडून तिथे 'खाट ७२' लिहिलं आणि खुर्ची मागे ढकलून बोटं मोडली. या कामातून आपल्याला काय मिळेल याचा अंदाज तिने सकाळी येतानाच बांधला होता. एक तर नोकरी कायम होईल. सहा महिन्यांची मुदत संपत आली होती आणि विश्वस्त 'प्रोग्रॅम नीट लागला की बघू' म्हणाले होते. त्यांच्या तोंडी 'बघू' म्हणजे निम्मं 'हो', हे तिला कळून चुकलं होतं. दुसरं म्हणजे लालबागच्या त्यांच्या मजल्यावर 'तुमची अक्षदा अजून टेंपररीच का गं' असं आईला नळावर विचारणाऱ्या चार बायका गप्प होतील. आणि तिसरं ती कुणापाशी कबूल करणार नव्हती: केळुसकर सर एकदा तरी तिच्या कामाकडे बघून मान डोलावतील. त्यासाठी काय मोजावं लागेल, हा प्रश्न तिला पडला नव्हता. चोविसाव्या वर्षी तो सहसा पडत नाही.

परळच्या हॉस्पिटलामागच्या गल्लीत हा निवास होता. गावाहून उपचारांसाठी आलेल्या रुग्णाला खाट आणि त्याच्या सोबतच्या माणसाला खाटेशेजारी चटई. तीन मजले, बाहत्तर खाटा, तळमजल्यावर सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर आणि जिन्याखाली ऑफिस. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बाहत्तर चौकोन होते, दर खाटेला एक, आत रुग्णाचं नाव. खाट रिकामी असली की चौकोन हिरवा, भरलेली असली की पांढरा, आणि मुक्कामाची मुदत उलटली की लाल. हॉस्पिटलासमोरच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहिलेली माणसं रोज सकाळी ऑफिसच्या खिडकीशी येत आणि एवढंच विचारत, हिरवं काही झालं का.

हा प्रोग्रॅम व्यवस्थापक वसंत केळुसकरांनी वीस वर्षांपूर्वी स्वतः लिहिला होता. त्याआधी ते गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडत. गिरणी बंद पडल्यावर, चाळिशी उलटलेली असताना, दादरच्या एका क्लासात विशीतल्या पोरांमध्ये बसून ते प्रोग्रॅमिंग शिकले, आणि शिकलेलं सगळं गिरणीच्या शिस्तीत वापरलं. मस्टरमध्ये प्रत्येक माणसाला त्याची स्वतःची ओळ असते. दोघांना मिळून एक ओळ घातली तर तिथे मारामारी व्हायची. म्हणून त्यांनी पहिल्या चौकोनासाठी लिहिलं, तारीख बघ, दिवस मोज, साठच्या वर गेले असतील तर लाल कर. मग दुसऱ्यासाठी तेच पुन्हा. मग तिसऱ्यासाठी. बाहत्तर वेळा, आणि तेही प्रत्येक वेळी हाताने टाइप करून.

अक्षदाने हे पहिल्यांदा उघडलं तेव्हा तिला हसू आलं होतं. पण विश्वस्त मंडळाने मुदत साठवरून पंचेचाळीसवर आणली आणि हसू ओसरलं. तो एक आकडा आता बाहत्तर ठिकाणी बदलायचा होता. तिने ठरवलं, एकदाच लिहायचं. आधी सगळ्या चौकोनांची नावं ओळीने लावायची, मग कॉम्प्युटरला सांगायचं की एकपासून बाहत्तरपर्यंत जा, प्रत्येक चौकोनापाशी थांब, दिवस मोज, पंचेचाळीसच्या वर असतील तर लाल कर आणि पुढे चालू लाग. सहा ओळींचं लूप. उद्या खाटा शंभर झाल्या तरी एक आकडा बदलला की काम संपलं.

बुधवारी विश्वस्त हितेंद्र राजाध्यक्ष स्वतः बघायला आले. बँकेतून निवृत्त झालेला, दादरला राहणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. वाईट नव्हते, पण दुसऱ्याची फिरकी घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"बाहत्तर वेळा एकच गोष्ट? केळुसकर, तुम्ही प्रोग्रॅम लिहिलात की रामनाम?"

वसंतराव हसले. अक्षदाही हसली, आणि हसण्याच्या भरात तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"सर, सगळं सेम टु सेम आहे. फक्त एकतिसाव्या चौकोनाला लाल करायची ओळच नाहीये. राहून गेली का?"

राजाध्यक्षांनी पडद्याकडून वसंतरावांकडे पाहिलं. वसंतरावांनी चष्मा काढला. गुरुवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तेव्हा चष्मा पुसून फार काही दिसणार होतं अशातला भाग नव्हता. तरी त्यांनी तो शर्टाच्या टोकाने दोन्ही बाजूंनी पुसला.

"राहिली असेल," ते म्हणाले.

राहिली नव्हती. ती त्यांनी एका सकाळी खोडली होती.

एकतिसाव्या चौकोनात नाव होतं रघुनाथ मुणगेकर. रघुनाथ मुणगेकरांना जाऊन चौदा महिने झाले होते. खाटेवर राहत होती त्यांची बायको, दुर्गा. नियम असा की माणूस गेला की दुसऱ्या दिवशी खाट सोडायची. पहिले काही दिवस मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलं म्हणून गेले, पुढचे काही तो दुरुस्त होऊन यायचा म्हणून. त्यानंतरचं कारण कुणी विचारलं नाही, कारण तोपर्यंत दुर्गा स्वयंपाकघरात अशी काही रुळली होती की नव्याने आलेली माणसं तिला निवासाचीच बाई समजत. नळीने जेवणाऱ्या रुग्णासाठी भात किती पातळ वाटायचा, हॉस्पिटलात कोणत्या खिडकीवर शिक्का आधी मारून घ्यायचा, रिपोर्टची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत का ठेवायची, हे ती आलेल्याला पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकी. अक्षदाही तिला दुर्गामावशी म्हणे आणि तिचा पगार निवासच देतो असं धरून चालली होती. मुणगेकर हे नाव चौकोनात ती रोज बघे आणि दुर्गामावशींना रोज बघे. ही दोन टोकं एकत्र यावीत असं काही घडलं नव्हतं.

मुदत संपली त्या सकाळी एकतीस लाल झाला. वसंतरावांनी तो लाल चौकोन बराच वेळ पाहिला. मग प्रोग्रॅम उघडला, ती एक ओळ खोडली, बंद केला. विश्वस्त पडदा बघत. पडद्यामागे काय लिहिलंय ते कुणी बघत नसे.

त्यांना यातून काय मिळालं? रोज सकाळी दहाला एक कप चहा. दुर्गा तो आणून टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवी, उजव्या बाजूला कागद असत म्हणून. मग दोन-तीन वाक्यं मालवणीत. दोघं एकाच तालुक्यातली. बाकी सगळ्या निवासाशी वसंतराव ऑफिसातलं मराठी बोलत, हिच्याशी तेवढं घरचं. विषय असा काही नसे. बाजारात सुका बांगडा कसा मिळाला, कोणत्या खाटेवरच्या म्हातारीने आज पेज संपवली. भोईवाड्यातल्या घरी त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तिथे कुणाशीच काही बोलायचं नसल्यामुळे ही दोन-तीन वाक्यं त्यांना दिवसभर पुरत. याच्या पलीकडे त्यांनी कधी काही म्हटलं नाही. एका बाईला 'राहा' म्हणायचं तर पुढचा प्रश्न येतो, कशासाठी. त्याचं उत्तर द्यायचं धैर्य नव्हतं. ओळ खोडायचं होतं.

आणि निवासाचं काय गेलं? एक खाट. चौदा महिन्यांत त्या खाटेवर आठ-नऊ कुटुंबं येऊन गेली असती. हे वसंतरावांनी मोजलं नव्हतं असं नाही. टाइम ऑफिसातल्या माणसाला मोजायचं टाळता येत नाही. त्यांनी मोजलं होतं, आणि सकाळी खिडकीशी कुणी हिरव्याचं विचारलं की त्या दिवशीचा चहा ते जरा घाईने संपवत.

राजाध्यक्ष गेल्यावर ते अक्षदाच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"ते एकतीसचं... मी आल्यावर बघू आपण."

"हो सर. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

अक्षदाला वाटलं, सरांना वाईट वाटलंय. साहेबांसमोर त्यांची चूक काढायला नको होती. ते परत येतील तोवर सगळं इतकं चोख करून ठेवायचं की त्यांना पुन्हा त्या ओळीचं नावही घ्यावं लागू नये. मुलगी मनाने चांगली होती. वाईट असती तर काम अर्धवट ठेवून घरी गेली असती आणि बरंच काही वाचलं असतं.

वसंतराव गुरुवारी ऑपरेशनला गेले. त्यांचा हिशेब साधा होता. लाल म्हणजे फक्त रंग; खाट सोडायची चिठ्ठी ते स्वतः एकेक काढत आणि वॉचमन गणपतच्या हाती देत. एकतीस लाल झाला तरी त्याची चिठ्ठी काढायची नाही, एवढं त्यांच्या हातात होतं. मंगळवारी कामावर येऊ, मग काहीतरी सुचेल.

शनिवारी एक तारीख. नवा नियम त्या दिवसापासून. राजाध्यक्षांनी सकाळी फोन करून अक्षदाला विचारलं की चिठ्ठ्या एकदम काढता येतील का. येतील, ती म्हणाली, आणि लूपमध्ये आणखी दोन ओळी घातल्या: जो चौकोन लाल होईल त्याची चिठ्ठी छाप. चिठ्ठीखाली सही हवी होती. करोनाच्या दिवसांत प्रवेशपासांसाठी सरांची सही स्कॅन करून ठेवलेली होती. तीच तिने चिठ्ठीखाली बसवली. मग बटण दाबलं. बाहत्तर चौकोन डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासून झाले, अकरा लाल झाले आणि प्रिंटर एकामागून एक कागद सोडू लागला.

एकतीसपाशी दिवस दिसत होते चारशे एकसष्ट. अक्षदा क्षणभर थांबली. साडेचारशे दिवस कोण राहतं? तारीख टाकताना वर्ष चुकलं असणार. ते शोधत बसण्यापेक्षा चिठ्ठी जाऊ दे, तिने विचार केला. चूक असेल तर माणूस खाली येऊन भांडेल.

विचार चुकीचा नव्हता. अकरांपैकी नऊ माणसं तासाभरात खाली येऊन भांडली. कुणाचं केमो राहिलं होतं, कुणाची टाक्यांची तारीख होती. चिठ्ठीतच छापलं होतं, अडचण असल्यास कार्यालयात भेटावे. अक्षदाने डॉक्टरांची पत्रं बघितली, नऊ जणांची मुदत वाढवून दिली, नऊ चौकोन पुन्हा पांढरे झाले. दहावा एक शिक्षक होता. त्याच्या वडिलांचे उपचार संपलेलेच होते, तो हात जोडून, पेढे देऊन गेला.

अकराव्या खाटेवरून कुणी आलं नाही.

गणपतने ती चिठ्ठी स्वयंपाकघरात नेऊन दिली होती. तो म्हणाला, मावशी, खाटेवर टाकायला सांगितली होती, पण तुम्ही इथे आहात तर हातातच घ्या. दुर्गाच्या हाताला पीठ होतं. तिने आधी हात धुतले, पदराला पुसले, मग कागद घेतला. मजकूर तिने पटकन वाचला. खालच्या सहीपाशी मात्र थांबली. ही सरांनी दिली का, असं तिने विचारलं. गणपत तीस वर्षं वॉचमन होता, जे दिसतं तेवढंच सांगायचं हा त्याचा धर्म. तो म्हणाला, सही सरांचीच आहे की.

चिठ्ठीत तीन दिवस दिले होते. दुर्गाने तीन तास घेतले. मळलेल्या पिठाच्या भाकऱ्या थापून झाकून ठेवल्या, मोठं पातेलं घासून उपडं घातलं, खाटेवरची चादर बदलली आणि दुपारच्या एसटीने गेली. ऑफिसात तेव्हा अक्षदा सातव्या भांडणाऱ्याची फाइल बघत होती. जिन्याखालून कुणी पिशवी घेऊन गेलेलं तिला दिसलं. दिवसाला वीस माणसं तशी जातात.

सर नव्हते तरी अक्षदाच्या वाट्याचा चहा येई; सोमवारी दहाला तो आला नाही. साडेदहाला ती स्वतःच स्वयंपाकघरात गेली. तिथे शेवंती होती, भोईवाड्याहून झाडलोट करायला येणारी, जिभेला हाड नसलेली बाई. ती कढईशी झटत होती आणि अक्षदाकडे न बघता बोलू लागली.

"ये बाय. बघ तुझ्या मशीननं काय केलंय ते. आता भात कोण वाटणार? मी? माझ्या हातचं कुत्रं खात नाही."

अक्षदाने विचारलं, दुर्गामावशी कुठे गेल्या.

मग सगळं कळलं, उलटसुलट क्रमाने. की मावशी पगारी नव्हती. की मुणगेकर तिचा नवरा. की एकतीस नंबर तिचा. की गावाला घर आहे, आंब्याची दहा-बारा कलमं आहेत, आणि दीर वर्षभरात चार वेळा तिला न्यायला येऊन हात हलवत परत गेला. चांगला माणूस होता तो, शेवंती म्हणाली, वहिनीसाठी तिकीट काढून यायचा. पण हिचं एकच पालुपद. मुदत संपली म्हणून चिठ्ठी येते इथे. ज्या दिवशी मला येईल त्या दिवशी मी जाईन, तोवर नाही.

"मी एकदा चिडवली तिला. म्हटलं, बाई, चिठ्ठी द्यायची कुणी ते तुला ठाऊक आहे ना?"

"मग?"

शेवंतीने कढई पालथी घातली.

"म्हणाली, म्हणूनच."

अक्षदा ऑफिसात परतली आणि जुना प्रोग्रॅम उघडून बसली, जो तिने कॉपी करून बाजूला ठेवला होता. तीसला लाल करायची ओळ होती. बत्तीसला होती. मधे, एकतीसपाशी, एक रिकामी जागा होती, बरोबर एका ओळीची. बाकी कुठेही रिकामी जागा नव्हती. इतकी वर्षं टापटीप हजेरी मांडणाऱ्या माणसाने ती जागा बुजवलीही नव्हती. चौदा महिने तो रोज काही न छापून एका बाईला 'राहा' म्हणत होता आणि ती रोज न जाऊन 'हो' म्हणत होती. बाकी सगळ्यांना कळेल असं त्यात काही नव्हतं, आणि दोघांना पुरेल एवढं होतं.

मंगळवारी वसंतराव आले ते काळा चष्मा लावून. गेटावर गणपतने त्यांना बातमी दिली असावी, कारण ते खुर्चीत बसले ते पडद्याकडे न बघताच. मग बघितलं. एकतीस हिरवा होता; आदल्या संध्याकाळी अक्षदाने त्यातलं नाव काढलं होतं. नवीन डोळ्याला रंग फार लख्ख दिसतात, डॉक्टरांनी तसं बजावलंही होतं.

अक्षदा उभीच होती. तिने रात्रभर सगळं पाठ करून आणलं होतं. शेवंतीने सांगितलेला तो एक शब्द तिच्या जिभेवर होता. पण साठी उलटलेल्या माणसाला, ज्याला आपण सर म्हणतो, त्याला हे सांगायचं कसं? आपल्याला कळलंय हेच त्याला लाजिरवाणं होईल. तिने तो शब्द गिळला आणि जे सांगणं सोपं होतं ते सांगितलं.

"सर, सॉरी. मी लूपमध्ये चिठ्ठ्या पण टाकल्या. दुर्गामावशींना वाटलंय तुम्ही पाठवली. तुम्ही फोन करा ना त्यांना. सांगा की तुम्ही नाही पाठवली, प्रोग्रॅमनेच गेली, सगळ्यांना गेली तशी."

वसंतरावांनी मान हलवली. नंबर त्यांना बघावा लागला नाही. ऐकायला थोडं कमी येई म्हणून फोनचा आवाज ते मोठाच ठेवत. पलीकडची रिंग अक्षदाला दाराशी ऐकू आली. बाहेर जावं असं तिला वाटलं, पण ती दाराशी पोचली तोवर फोन उचललेला होता आणि सर हाताने तिला थांब म्हणत होते. एकटं राहायची भीती वाटते माणसाला, अशा वेळी जास्तच.

"पोचलात ना नीट?"

"होय." मागे कोंबडी कलकलली. "डोळो कसो आसा?"

"बरा आहे. दिसतंय चांगलं."

हे त्यांनी ऑफिसातल्या मराठीत सांगितलं. दाराशी अक्षदा होती, आणि हातात फोन होता, चहाचा कप नव्हता.

"ती चिठ्ठी," वसंतराव म्हणाले.

"गावली माका. सही बघलंय."

"नाही, तसं नाही ते." त्यांनी घसा साफ केला. "मी नव्हतोच इथे. ती कॉम्प्युटरने काढली. नवीन प्रोग्रॅम आहे. एक ते बाहत्तर, सगळ्यांनाच गेली. तुम्हाला म्हणून वेगळी अशी काही नाही."

आपण तिच्यावरचं ओझं उतरवतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वाक्य पूर्ण करून ते किंचित पुढे झुकले, कुणी 'मग येते परत' म्हणेल आणि आपण 'या' म्हणू, अशा तयारीने.

अक्षदाने दाराची चौकट धरली. ही वाक्यं तिची होती.

"सगळ्यांना," दुर्गा म्हणाली. मग त्यांच्याच ऑफिसातल्या मराठीत, सावकाश, "बरं झालं सांगितलंत. मी इतके दिवस काहीतरी वेगळं धरून बसले होते."

"काय?"

"काही नाही. चष्मा लावत जा. धुळीत जाऊ नका."

फोन बंद झाला. वसंतरावांनी तो टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला.

"सर," अक्षदा म्हणाली, "मी एक अट घालते. एकतीस सोडून बाकी सगळे. दोन मिनिटांचं काम आहे."

"आता कुणासाठी?"

हे त्यांनी रागाने विचारलं नाही. उत्तर असेल तर ऐकायची तयारी होती. अक्षदापाशी ते एका शब्दाचं होतं आणि तिने ते दुसऱ्यांदा गिळलं; पहिल्यांदा लाजेने, या वेळी भीतीने, कारण आता ते सांगितलं तर हेही कळणार होतं की फोनवर नेमकं काय फुटलं.

खिडकीशी एक माणूस येऊन उभा राहिला होता. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी, डोक्याला रुमाल गुंडाळलेली. हिंगोलीकडचे होते, बारा दिवस फुटपाथवर काढले होते. त्याने विचारलं, साहेब, हिरवं काही झालं का.

"झालंय," वसंतराव म्हणाले.

त्यांनी कागद मागितले, कीबोर्ड पुढे ओढला आणि एकतिसाव्या चौकोनात मुलीचं नाव स्वतः टाइप केलं, एकेक अक्षर बघून, आजची तारीख घातली. चौकोन पांढरा झाला. मग ते प्रोग्रॅमकडे वळून म्हणाले की काम चांगलं केलंस, सहा ओळींत बसवलंस, मला सुचलं नसतं. आणि त्यांनी मानही डोलावली. अक्षदाने ती बघितली नाही. ती मुलीच्या बापाला जिन्याची वाट दाखवत होती.

पुढच्या आठवड्यात तिला कायम केल्याचं पत्र आलं. आईने मजल्यावर पेढे वाटले. विश्वस्त मंडळाच्या इतिवृत्तात नोंद झाली की नवीन पद्धतीमुळे खाटांचा वापर सुधारला आहे, आणि ती नोंद खरी होती. हिंगोलीच्या मुलीला छप्पर मिळालं, तेही वेळेवर. याबद्दल कुणी कुरकुर करावी असं काहीच नाही. लूपला काही मोजावं लागलं नाही. राहता राहिली दोन माणसं. एक भोईवाड्यात, एक तळकोकणात, आणि बाकी सगळ्यांच्या वाट्याचं मोल त्या दोघांनीच भरलं. दोघांनी सारखंच भरलं, शेवटच्या कणापर्यंत. फक्त ते एकमेकांना कळलं नाही, त्यामुळे दोघंही आयुष्यभर असंच समजून चालली की आपण एकट्यानेच भरलं आणि समोरच्याला काही द्यावं लागलं नाही.